राबावरची चाके

फाल्गुन लागला की एखाद्या सकाळी गॅलरीचे दार उघडताच तो वास येतो. शेण, वाळका पाला आणि माती एकत्र जळत असल्याचा. पालघरच्या पूर्वेला, डोंगरांच्या पायथ्याशी वसलेल्या पाड्यांवर कोणीतरी राब भाजायला घेतलेला असतो. ज्यांनी भातशेती जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, भाताची रोपे ज्या लहानशा तुकड्यात वाढवायची, तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. तळाशी शेणाचा थर, त्यावर टाहाळ म्हणजे पानांसकट तोडलेल्या डहाळ्या, त्यावर गवत आणि सर्वांत वर बारीक मातीचे पांघरूण. विस्तव वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने लावतात. तो भडकत नाही. मातीखाली धुमसत, रेंगाळत पुढे सरकतो. तणाचे बी जळून जाते आणि पावसाळ्यात त्या राखेत टाकलेले भात तरारून उठते.

हल्ली हे धूर विरळ झाले आहेत. पण ज्या दिवशी तो वास येतो, त्या दिवशी माझे वाचन पुढे सरकत नाही. पुस्तक मांडीवर तसेच उघडे राहते आणि एकोणीसशे साठच्या दशकातला एक हंगाम आठवत राहतो. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा. त्या हंगामात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मी फटफटी चालवायला शिकलो.

‘शिकलो’ म्हणताना आजही जीभ अडखळते. मी पालघरच्या एका शाळेत गणित शिकवीत असे. मूळचा घाटावरचा, पदव्या दोन, बोलणे बेताचे. हातून खडू पडला तरी वर्गाकडे ओशाळून पाहणारा माणूस. सायकलसुद्धा मी कधी चालवली नव्हती. लहानपणी पडण्याची भीती होती आणि मोठेपणी पडताना कोणी पाहील याची. तारापूरला वीजकेंद्राचे बांधकाम तेव्हा जोरात चालले होते. तिथला एक ओळखीचा ओव्हरसियर बदली होऊन दूर गेला आणि जाताना आपली लहानशी फटफटी माझ्या अंगणात ठेवून गेला. ‘मास्तर, उभी ठेवून गंजवू नका, वापरा,’ एवढेच सांगून. मी तिच्यावर जुनी सतरंजी घातली आणि महिनाभर तिच्याकडे पाहणे टाळले.

सतरंजी काढली ती दिगंबरने. दिगंबर कराडकडचा, बांधकामावर फिटर. खात्याच्या परीक्षेसाठी त्याला त्रिकोणमिती हवी होती, म्हणून रविवारी बोईसरहून माझ्याकडे येत असे. दुसरा हरेश्वर. केळव्याच्या बाजूला त्याच्या घरची पानवेलींची आणि केळींची वाडी होती. धाकटा भाऊ माझ्या वर्गात होता आणि त्याच्या प्रगतीची चौकशी करायला आलेला हरेश्वर प्रगतीबद्दल काही न विचारता तासभर गप्पा मारून जाई. दोघांकडेही फटफट्या होत्या, जुन्या, ठिकठिकाणी तारेने बांधलेल्या. तिसरी माझी.

केळव्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळू घट्ट असते. तिथे माझी शिकवणी सुरू झाली.

“क्लच हळू सोडा, मास्तर,” दिगंबर मागून ओरडे. “हळू म्हंजी हळू! फळा पुसताय व्हय?”

“सोड त्यांना,” हरेश्वर सुरूच्या सावलीत बसून म्हणे, “समुद्रात गेले तं गेले. पोहाया तरी शिकतील.”

मी पडे, उठे, चष्मा शोधे. वाळूत पडण्याची एक गंमत अशी की, लागत काहीच नाही आणि पडल्याची आकृती मात्र भरती येईपर्यंत तशीच राहते. एका सकाळी मी माझ्याच सात आकृत्या मोजल्या. आठवी पडली नाही. गाडी सरळ गेली, पुष्कळ सरळ गेली, आणि थांबवायचे कसे हे आठवेपर्यंत किनारा संपत आला होता.

मग आम्ही वाटा शोधू लागलो. डांबरी रस्ता दिगंबरला आळणी वाटे. भात कापून झाले की इकडची जमीन एकदम खुली होते. पावसाळ्यात जिथे गुडघाभर पाणी, तिथे आता भेगाळलेली शेते. बैलगाड्या जाव्यात म्हणून बांधांना खिंडी पाडलेल्या. उमरोळीच्या मागच्या माळावर कापणीचे सड चाकांखाली करकर मोडत. खाजणातली खारी जमीन वरून पापडासारखी कडक आणि आतून लोण्यासारखी; तिच्यावर वेग कमी केला की रुतलाच. एकदा दातिवऱ्यापर्यंत गेलो होतो. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, त्यांच्या दोन रांगांमधून जाणारी हातभर रुंदीची वाट, आणि कडेला कंबरेवर हात ठेवून उभी असलेली एक कोळीण. ‘बोंबलाला धक्का लागला तं तुमालाच टांगीन,’ ती म्हणाली होती, आणि आम्ही तिघेही उतरून गाड्या ढकलत नेल्या होत्या.

सगळ्यांत अवघड वाट बैलगाडीची. दोन खोल चाकोऱ्या आणि मधे उंच वरंबा. चाकोरीत शिरलेले चाक जबरदस्तीने बाहेर काढू पाहिले की गाडी आडवी. दिगंबर म्हणे, हँडलला बोटांनी नुसता आधार द्या, वाट तिची तिला कळते. आयुष्यभर मी प्रत्येक कृतीआधी विचार करीत आलो होतो आणि त्या वरंब्यांवर विचाराला जागाच नव्हती. हात आधी वळत, कारण मागून समजे. सागाच्या वाळक्या पानांतून जाताना असा आवाज होई की, कोणीतरी आपल्यामागून धावत येत आहे असे वाटावे. तोंडात धूळ, आणि छातीत एक निर्लज्ज आनंद. तो मी कोणालाही सांगितला नाही. सोमवारी वर्गात प्रमेय सिद्ध करताना माझे तळहात अजून झिणझिणत असत.

तरीही उतार आला की मी इंजिन बंद करून खाली उतरे आणि गाडी हाताने धरून नेई. दोघे थट्टा करीत. मी ती मान्य करून टाकली होती. भित्रेपणा मान्य केला की लोक आपल्याला सोडून देतात, हे मला शाळेत असल्यापासून ठाऊक होते.

माघ सरत आला होता. त्या रविवारी आम्ही मासवणच्या बाजूला गेलो. एका पाड्याच्या शेतांमधून सूर्या नदीकडे उतरणारी वाट हरेश्वरने आमच्यासाठी मिळवली होती. त्याच्या घरची थोडी भातजमीन तिकडे होती. पाड्यावरच्या लोकांना त्याने शब्द दिला होता की, गाड्या बांधाच्या कडेने जातील, कोणाच्या शेतात शिरणार नाहीत. तो पुढे, मधे दिगंबर, शेवटी मी. धुळीमुळे मी अंतर ठेवले, मग ते वाढत गेले. बघता बघता दोघांचे आवाज सागांच्या पलीकडे गेले.

बांधाची वाट लांबून वळसा घेत होती. समोर ढेकळांचे शेत, आणि त्याच्या टोकाला एक सपाट, तपकिरी, मऊ दिसणारा तुकडा. वर्गाच्या खोलीएवढा. त्यावरून सरळ गेलो असतो तर दोघांना गाठता आले असते. मी गाडी घातली.

पुढचे चाक निम्मे आत गेले. पालापाचोळा, शेण, माती, सगळे उसळून अंगावर आले आणि मी कुशीवर कोसळलो. जराही लागले नाही, हे माझे दुर्दैव. लागले असते तर ओरडलो असतो, कोणी आले असते. मी उठलो, घाबरून गाडी चालू केली आणि जोर दिला. मागचे चाक जागच्या जागी फिरले आणि हातभर थर उधळून गेले. मग ती सुटली. पलीकडच्या कडेला पोहोचून मी मागे पाहिले. मधोमध एक लांब, फाटलेला पट्टा होता.

राब मी तोवर लांबून जळतानाच पाहिला होता. रचलेला पाहिला नव्हता. खरे म्हणजे हे सांगण्यातही लबाडी आहे. हा राब आहे हे ओळखता आले नाही तरी हे कोणाचे तरी काम आहे, हे मला कळले होते, कारण कडेच्या बारीक मातीवर तळहातांचे ठसे होते. कोणीतरी ती हाताने थोपटून बसवली होती. मी चारी बाजूंना पाहिले. कोणी नव्हते. मी अंग झटकले, हात रुमालाने स्वच्छ पुसले आणि निघालो.

नदीवर दोघे पाय सोडून बसले होते.

“कुटं अडकलात?” हरेश्वरने विचारले.

“प्लग,” मी म्हणालो.

“मास्तरांचा प्लग नि माज्या सासूची कंबर,” तो म्हणाला, “कवा धरंल सांगता येत नाय.”

दिगंबर हसला. मी गाडी पाण्यात घातली, पलीकडे नेली, परत आणली. पुन्हा एकदा नेली. चाके स्वच्छ धुऊन निघाली.

पुढच्या रविवारी बांधाच्या खिंडीत एक बाई उभी होती. कमरेला कोयता, दोन्ही हात पसरलेले. हरेश्वरने गाडी थांबवली. ती जानकीबाय. नवरा तारापूरला बांधकामावर दगड फोडायला जाई, आठवड्याने घरी येई. शेत तिच्या अंगावर होते.

“कोनाची गाडी गेली माज्या राबातना?”

हरेश्वरने मागे वळून आमच्या दोघांकडे पाहिले.

“पंदरा दिस डोकीवरनं टाहाळ आनलाय मी. आता जवळच्या झाडांना पान तरी ऱ्हायलंय का? राब नाय तं रोप नाय. रोप नाय तं आवनी कशाची करू, तुमच्या चाकांची?” आवणी म्हणजे रोपांची लावणी. तिची नजर दिगंबरच्या गाडीवर थांबली. “ह्याचीच आसंल. हीच गाडी लय वरडती. त्या दिशी माजी कोंबडी बी बुजली हिला.”

“आवं मावशी, मी न्हाई गेलो,” दिगंबर म्हणाला. “आईच्यान.”

हरेश्वर त्याच्याकडे वळला. “दिगू, खरं सांग. आखूड वाट तूच शोधतोस दर टायमाला.”

“तुज्या मागंच व्हतो की मी!”

“माज्या मानंला मागं डोळं नायत. माज्या शब्दावर वाट दिली यांनी.”

“आनि ह्ये?” जानकीबायने माझ्याकडे बोट केले.

त्या क्षणी वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले होते. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे जागेवर. पण हरेश्वरच आधी बोलला.

“मास्तरांचं नाव नको घेऊस, बाय. ते उतारावर गाडी हातानं धरून नेतात, बैलावानी.”

ती हसली. रागातसुद्धा हसली. मी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसू लागलो आणि पुष्कळ वेळ पुसत राहिलो.

“मी भरून देईन राब,” हरेश्वर तिला म्हणाला.

“शब्दानं राब भाजत नाय, भाऊ.”

दिगंबरने किक मारली, गाडी वळवली आणि बोईसरच्या दिशेने निघून गेला.

त्यानंतरचा आठवडा मला तपशिलाने आठवतो. फळ्यावर काढलेला प्रत्येक चौकोन मला त्या तुकड्यासारखा दिसे. तोपर्यंत माझी अशी समजूत होती की, संकोची माणूस जगाला निरुपद्रवी असतो. तो कोणाला अडवत नाही, कोणाच्या पुढे जात नाही, त्याच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. लोकही तसेच समजतात आणि आपण त्या समजुतीत सुखाने राहतो. आता माझ्या गप्प बसण्याने दोन मित्रांमध्ये वैर आले होते, आणि एका बाईचा पंधरा दिवसांचा घाम वाऱ्यावर गेला होता तो वेगळाच. माझ्या भित्रेपणावर तिघांनीही विश्वास ठेवला होता, आणि मी त्याच्या आड लपलो होतो. फाल्गुन लागला होता. महिन्याभरात राब भाजले जाणार, आणि त्या बाईचा तसाच फाटलेला राहणार.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मी एकटाच निघालो. उमरोळीच्या मागची वाट, तेच सड, त्याच चाकोऱ्या. बोलायचे वाक्य घोकण्यात मी इतका बुडालो होतो की, एक उतार गाडीवर बसूनच उतरलो हे खाली पोहोचल्यावर लक्षात आले.

बोईसरला कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांपुढे गाडी उभी केली. “दिगंबर, तेरे मास्टरजी आए हैं,” कोणीतरी आत हाक दिली. तो बनियनवर बाहेर आला, हातात अर्धे चिरलेले वांगे.

“त्या दिवशी जानकीबाईंच्या राबाचे जे नुकसान झाले,” मी सुरुवात केली, “त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.”

“ठावं हाय,” तो म्हणाला.

मला वाटले, त्याने नीट ऐकले नाही.

“चष्मा पुसत व्हता न्हवं तुमी. येवढा काय धुरळा व्हता त्यावर?” त्याने हातातले वांगे ताटलीत ठेवले. “आनि प्लग खराब झालेल्या मानसाचं हात काळं असत्यात, मास्तर. तुमचं नदीवर चकचकीत व्हतं.”

“मग तू तिथेच का बोलला नाहीस?”

“मी कशाला बोलू?” तो एकदम चिडला. “आठ दिस थांबलोय मी. रोज सांजला रस्त्याकडं बघतोय. आज आला न्हाईत तर गनित दुसऱ्याकडं शिकनार व्हतो.”

एवढे बोलून तो आत गेला आणि दोन पितळ्यांत चहा घेऊन आला. त्या चहात साखर फार होती. मी आयुष्यात पुष्कळ सभ्य, सुसंस्कृत माणसे पाहिली आहेत. कोणी माझी अशी वाट पाहिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, हरेश्वरला सांगणे त्यामानाने सोपे गेले. त्याने मला इतक्या शिव्या घातल्या की, मला मधे बोलावेच लागले नाही. मग तो दिगंबरपुढे जाऊन उभा राहिला, पानाची चंची पुढे केली, आणि दिगंबरने त्यातले सगळ्यांत मोठे पान काढून घेतले. त्यांचे तेवढ्यात मिटले.

जानकीबायने माझे वाक्य शेवटपर्यंत ऐकले, आधी माझ्याकडे, मग गाडीकडे पाहिले.

“तुमी? ह्या गाडीनं?”

“हो.”

“आनि त्या दिशी गप ऱ्हायलात?”

“हो.”

तिने कमरेला हात घातला. मग कोयता माझ्या हातात दिला. “टाहाळ आनाया चला. लांब जावं लागंल, जवळ काय नाय.”

तो रविवार आणि त्याच्या पुढचा. हरेश्वर झाडावर चढून डहाळ्या तोडी, दिगंबर आणि मी भारे बांधत असू. भारे गाडीच्या मागे बांधले की पाने जमिनीवर लोळत, आणि तीन झुडपे धूर सोडीत डोंगरावरून खाली येत आहेत असे दृश्य दिसे. पाड्यावरची माणसे बघायला जमत. “शिमग्याचं सोंग येकदम,” एक म्हातारा म्हणाला. जानकीबाय डोकीवर भारा घेऊन आमच्या आधी पोहोचे, कारण तिला वळसा घ्यावा लागत नसे. शेण तिने आणि तिच्या जावेने पसरले. टाहाळ दिगंबरने रचला, गवत हरेश्वरने. माती टाकण्याचे काम माझ्याकडे आले. मी ती चाळून, मुठीमुठीने, फार काळजीपूर्वक टाकली. वारा सुटला तर ठिणगी उडेल, गवताला लागेल, शेजारच्या कुडाच्या घरापर्यंत जाईल असे मनात येई, म्हणून माझ्या बाजूला मी जरा जास्तच टाकली आणि तळहाताने थोपटून घट्ट केली. कोणी काही म्हणाले नाही. राब भाजला त्या सकाळी आम्ही तिघे बांधावर उभे होतो. धूर जमिनीलगत पसरला आणि डोळ्यांतून पाणी आले. ते कशाचे, हे कोणी विचारण्याची सोय नव्हती. सगळ्यांच्याच डोळ्यांत होते.

पुढे अनेक वर्षे मी फटफटी चालवली. उतारावर उतरणे हळूहळू सुटले. संकोच सुटला असे मात्र म्हणता येणार नाही. सभेत बोलायला उभा राहिलो की अजूनही मी आधी चष्मा पुसतो. पण गप्प बसावेसे वाटते तेव्हा आता मी स्वतःला विचारतो की, या गप्प बसण्याखाली कोणाचे काय दबते आहे. उत्तर नेहमी मिळतेच असे नाही. विचारायची सवय मात्र लागली आहे.

राब भाजला त्याच वर्षी आषाढात मी पुन्हा मासवणला गेलो. शेतांत पाणी भरले होते, खिंडी बुजवून टाकल्या होत्या, चाकांना वाट नव्हती. म्हणून शेवटचा टप्पा चालत, छत्री सावरत, बांधांवरून घसरत गेलो. पाड्यावर आवणी सुरू झाली होती. जानकीबाय इरले पांघरून राबात वाकली होती, रोपे उपटून त्यांच्या जुड्या बांधीत होती. बांधावर उभे राहून मी पाहिले. राब हिरवागार होता, इतका की पावसातही डोळ्यांना जाणवावा. फक्त एका कोपऱ्यात रोपे पिवळट होती, वीतभर कमी, मधे मधे तण.

“तो कोपरा तुमचा,” ती वर न बघता म्हणाली.

मी त्या कोपऱ्याच्या बाजूने दोन पावले पुढे गेलो.

“माती जाड टाकलीत. आग खाली गेलीच नाय. घाबरलात काय?”

“हो,” मी म्हणालो. “वाऱ्याला.”

तिने मान हलवली, जशी मी चुकलेल्या गणितापुढे हलवीत असे. मग त्या कोपऱ्यातली एक जुडी उपटून हातात तोलली, मुळे पाण्यात झटकली.

“ही लागतील का?” मी विचारले.

“न लागाया काय झालं? लागतील. जरा मागून येतील.” तिने जुडी माझ्या पायांशी बांधावर टाकली. “त्या खालच्या चोंड्यात लावायचीत. दोन-दोन काड्या, लय खोल नको.”

मी छत्री मिटली, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, जुडी उचलली आणि बांधावरून त्या खालच्या खाचरात, पाण्यात उतरलो.